उतरती कड

आमच्या वॉर्डातला साबण कुलपात असे. सिस्टरच्या कपाटात, स्पिरिटच्या बाटल्यांशेजारी, कागदात गुंडाळलेली एक गुलाबी वडी. आठवड्यातून दोनदा युनिटचे मोठे साहेब राउंडला येत, त्या दिवशी ती वडी बाहेर निघे, आणि तिच्यासोबत धुतलेला घडीचा टॉवेल. साहेब हात धूत ते सगळे पेशंट तपासून झाल्यावर, घरी जाण्याआधी. म्हणजे इस्पितळातलं काही आपल्या घरी जाऊ नये याची काळजी होती. एका खाटेवरचं दुसऱ्या खाटेवर जाऊ नये, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. साहेबांची गाडी गेली की वडी पुन्हा कागदात, कागद कपाटात आणि किल्ली सिस्टरच्या कमरेला.

बाकी आम्ही सगळे दाराजवळच्या लोखंडी स्टँडवरच्या बेसिनात हात बुडवत असू. ते बेसिन आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. पांढऱ्या तामचिनीचं, काठाचे टवके उडालेलं. सकाळी वॉर्डबॉय त्यात बादलीभर पाणी ओते आणि वरून जंतुनाशक लोशन टाके. किती टाकायचं त्याचं माप म्हणजे रंग. पाणी दुधाळ दिसलं की झालं. दुपारपर्यंत पंधरा-वीस जणांचे हात त्यात बुडून निघत, पाणी कळकट होई. ते फेकून नवं भरायचं सोडून तो वरून आणखी थोडं लोशन सोडे. पाणी पुन्हा दुधाळ आणि आम्ही पुन्हा निर्धास्त. खुंटीला एकच टॉवेल, तो सकाळी नऊलाच ओलाचिंब झालेला असे. मग हात पुसायला आपला अ‍ॅप्रन होताच.

उन्हाळ्यात नळाला सकाळी तासभर पाणी येई, हे खरं आहे. पण पाण्याच्या नावाने खडे फोडून मला सुटायचं नाही. नळ चोवीस तास वाहता असता तरी आम्ही हात धुतले असते असं मला वाटत नाही. अ‍ॅप्रनवर पुवाचा, रक्ताचा डाग असणं ही त्या वयात मिरवायची गोष्ट होती. कोरा अ‍ॅप्रन म्हणजे कामचुकार पोरगा. मी माझा अ‍ॅप्रन महिना महिना धूत नसे आणि मुद्दाम तोच घालून सीताबर्डीच्या बाजारात चहा प्यायला जात असे. आज तो पोरगा समोर आला तर मी त्याच्या कानाखाली जाळ काढीन.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि परीक्षा एप्रिलच्या अखेरीस होती. आमच्या सर्जरीच्या वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर नागपूरजवळच्या कुही गावचा एक न्हावी होता. वय चाळिशीचं, अंगाने किडकिडीत, बोलण्यात वस्ताद. दिवसभर उभं राहून ज्यांचं पोट चालतं, त्यांच्या पायाच्या शिरा फुगतात, घोट्यापाशी रक्त साचतं, कातडी काळी पडते आणि कसलंतरी निमित्त होऊन तिथे जखम होते. ती मग वर्षानुवर्षं भरत नाही. तळहाताएवढी जखम घेऊन तो आला होता. दोन महिने पाय उशांवर उंच ठेवून त्याला निजवल्यावर ती रुपयाएवढी उरली होती.

भरत येणारी जखम कशी असावी याचं आमच्या पुस्तकात जे वर्णन होतं, ते जसंच्या तसं त्याच्या पायावर होतं. कड उतरती. तळ लाल, दाणेदार. भोवती नव्या कातडीची निळसर किनार. युनिटचा कारभार पाहणारे रजिस्ट्रार, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, ती जखम बघून हरखून गेले. ते मला म्हणाले, "हा माणूस परीक्षेपर्यंत घरी जाता कामा नये. तुझ्या खाटेवरचा आहे, तू सांभाळ."

परीक्षेत विद्यार्थ्यांपुढे खरेखुरे पेशंट ठेवतात. विद्यार्थ्याने तपासायचं आणि परीक्षकांना सांगायचं. त्यामुळे परीक्षेच्या आधी महिनाभर प्रत्येक वॉर्डात चांगल्या केसेस राखून ठेवल्या जात, जसं पाहुण्यांसाठी लोणच्याची एक बरणी वेगळी काढून ठेवतात. बऱ्या झालेल्या माणसाला काहीतरी सांगून खाटेवर ठेवून घ्यायचं. त्याला केळी आणून द्यायची, घरच्यांना पास द्यायचा, सिस्टरने त्याच्यावर ओरडायचं नाही. पेशंटलाही त्या मानाची गंमत वाटे. आमच्या न्हाव्याला मात्र वाटली नाही, कारण कुहीत लग्नसराई सुरू होती.

"मले जाऊ द्या जी," तो म्हणाला. "दोन महिने झाले, दुकान बंद हाय. लग्नात नवरदेवाची दाढी मीच करत असतो गावात. दुसरा कोनी बसला त बसलाच तो."

मी त्याच्या खाटेवर बसलो. म्हणालो, "आठ दिवस थांबा, भाऊ. आत्ता जाल, उभे राहाल, आणि ही जखम पुन्हा तोंड उघडेल. आठ दिवसांत पक्के बरे होऊन जा."

हे पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून मला ते बोलता आलं. पायाला पट्टी आवळून बांधून, चार सूचना देऊन त्याला त्या दिवशी घरी पाठवता आलं असतं. उरलेली जखम घरी भरली असती. मला ते ठाऊक होतं. त्याने माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं.

"तुमची परीक्षा हाय ना?" तो म्हणाला. "मी थांबलो त तुमाले फायदा हाय का?"

मी हो म्हणालो. तेवढं एक मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मंग थांबतो. तुमी पोट्टे पास झाले पाह्यजेत."

त्या आठ दिवसांत तो आमचा मास्तर झाला. सकाळ-दुपार पाच-सहा विद्यार्थी सरावाला येत, त्याच्या पायाभोवती कोंडाळं करत. जखम नुसती बघून भागत नाही. कड बोटाने चाचपायची असते, तळ दाबून बघायचा असतो. हातमोजे तेव्हा फक्त ऑपरेशनसाठी होते, तेही धुऊन, पावडर लावून, भोकं बुजवून पुन्हा वापरायचे. वॉर्डात उघडी बोटंच चालत. दोन दिवसांत सगळी उत्तरं त्याला पाठ झाली. एखादा पोरगा अडखळला की तो छताकडे बघत हळूच बोले, "कड उतरती हाय. तळ लाल. दानेदार बी हाय." सगळे हसत. मीही हसत असे.

त्याची वस्तरा-कात्रीची धोपटी खाटेखाली होती. पाय उशांवर, पाठ भिंतीला, असा बसून तो वॉर्डातल्या लोकांच्या दाढ्या करून देई. एका दुपारी त्याने मलाही धरलं. म्हणाला, "असं तोंड घेऊन परीक्षेले जान का?" मला स्टुलावर बसवलं. आधी त्याने मला ड्रेसिंगच्या खोलीतून उकळतं पाणी आणायला लावलं. वस्तरा त्यात बुडवला, पुसला, चामड्यावर फिरवला. मग स्वतःच्या साबणाच्या तुकड्याने मनगटापर्यंत हात धुतले आणि मगच माझ्या गालाला हात लावला. अर्धी दाढी झाल्यावर म्हणाला,

"डॉक्टर साहेब, एक इचारू? राग नोका मानू."

"विचारा."

"आमी गिऱ्हाईक बदललं का वस्तरा धुतो. हात धुतो. माह्या बापानं मारून मारून शिकवलं मले ते. तुमी लोक या खाटेवरून त्या खाटेवर जाता त काहून नाई धुवत?"

मी दाराकडच्या बेसिनाकडे बोट केलं. म्हणालो, "धुतो की. ते साधं पाणी नाही, औषध आहे. त्यात बोट बुडवलं की जंतू मरतात."

"असं हाय का," तो म्हणाला. "मंग ठीक हाय." आणि त्याने दुसऱ्या गालाला वस्तरा लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जी गोष्ट शिकायला मी पाच वर्षं पुस्तकं पालथी घालत होतो, ती माझ्या हनुवटीखाली वस्तरा धरून बसली होती.

शेजारच्या पंधरा नंबरवर एक म्हातारा होता. साखरेचा आजार आणि पाठीवर काळपुळी, बशीएवढी. तिच्यातून हिरवट पू येई आणि त्याला एक गोडसर, आंबूस वास असे. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. त्याचंही ड्रेसिंग माझ्याकडे होतं. परीक्षेला पाच दिवस उरले असताना, एका सकाळी, मी म्हाताऱ्याची पट्टी सोडली, पू दाबून काढला, नवी पट्टी बांधली. बोटं चिकट झाली होती. तेवढ्यात सरावाची पोरं आली आणि चौदा नंबरपाशी उभी राहिली. त्यातल्या एकाला कड कशी चाचपायची ते जमत नव्हतं. मी बेसिनापाशी गेलो, हात बुडवून काढले, टॉवेल भिजलेला पाहिला, अ‍ॅप्रनला बोटं पुसली आणि परत आलो. "इकडे बघ, अशी धरायची," असं म्हणून मी न्हाव्याच्या जखमेच्या कडेवर दोन बोटं ठेवली आणि ती सावकाश गोल फिरवली.

तो म्हणाला, "कड उतरती हाय." पोरं हसली.

इतकंच झालं. याहून जास्त काही झालं नाही, हे मला आजही सहन होत नाही.

मधल्या दिवशी सराव झाला नाही, पट्टी कुणी सोडली नाही. दोन दिवसांनी मी ती सोडली तेव्हा ती हिरवी होती. मी पहिल्यांदा पट्टीकडे पाहिलं नाही. आधी वास आला आणि माझी मान आपोआप पंधरा नंबरकडे वळली. मग कळलं, वास माझ्या हातातल्या पट्टीचाच आहे. जखमेचे लाल दाणे काळवंडले होते. कड उतरती राहिली नव्हती. ती आतून पोखरली होती, खालून बोट गेलं असतं. पोटरीपर्यंत सूज होती आणि त्याला ताप होता.

त्या दिवशी रविवार होता. त्याची बायको दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने कुहीहून येई. हातात फडक्यात बांधलेला डबा, डोक्यावर पदर, बोलणं कमी. मी पट्टी हातात धरून उभा होतो आणि ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं. मी चढ्या आवाजात विचारलं, "काय खायला घातलं होतं गेल्या आठवड्यात?"

तिने आठवून सांगितलं. भाकर. चटणी. आणि वांग्याचं भरीत, कारण त्याला ते आवडतं आणि त्याने सांगूनच मागवलं होतं. आमच्याकडे जखमेवर वांगं खात नाहीत. वांगं खाल्लं की जखम चिघळते, पू धरते, असं घरोघर मानतात. माझी आईही मानत असे. डॉक्टरकीच्या कुठल्या पुस्तकात ते नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"भरतानं झालं का जी हे?" तिने विचारलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

मी भुवया वर करून म्हणालो, "मग?"

एवढंच. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. आजूबाजूच्या खाटांवरच्या लोकांनी ऐकलं. एकजण म्हणाला, "वांगं काहून आनलं वं बाई?" इतर खाटांवरची म्हातारी माणसंही तिला बोलू लागली. सिस्टरनेही येऊन तिला फैलावर घेतलं. ती डबा छातीशी धरून ऐकत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच हातात हिरवी पट्टी धरून उभा. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याच दिवशी मी दोघांच्या जखमांचा पू तपासायला पाठवला. का पाठवला, माहीत नाही. बहुधा काहीतरी वेगळं निघेल अशी आशा होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दोन चिठ्ठ्या आल्या. चौदा आणि पंधरा, दोन्हींत एकच जंतू. कुठल्या औषधाला दबतो आणि कुठल्याला नाही, ती यादीही शब्दाला शब्द तीच. मी त्या रजिस्ट्रारांना दाखवल्या. ते म्हणाले, "फाइलला लाव." मग म्हणाले, "उद्याच्या यादीत त्याचं नाव ठेवलंय. भरणारी नसली तर पसरणारी जखम. केस केसच आहे."

परीक्षा वॉर्डातच होती. खिडक्यांना त्या दिवशी वाळ्याचे पडदे लावले होते, परीक्षकांसाठी. बेसिनाशेजारी गुलाबी वडी होती आणि चार धुतलेले टॉवेल होते. कुणाला कुठला पेशंट, हे ठरवायला चिठ्ठी उचलायची होती. मी उचलली ती चौदा नंबरची निघाली.

तो तापाने लाल झाला होता. ओठ सुकलेले. पाय मांडीपर्यंत सुजलेला. मला बघून त्याला इतका आनंद झाला की उठून बसायला गेला. मी तपासायला वाकलो तेव्हा त्याने डोळे मिटून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, मला सांगितलं, "कड उतरती हाय. तळ लाल. दानेदार."

त्याला वाटत होतं, तेच उत्तर आहे. तो मला पास करत होता.

परीक्षक बाहेरगावचे होते. मी इंग्रजीत सगळं नीट सांगितलं: कड पोखरलेली, तळ काळा, पू हिरवा, संसर्ग वर चढतो आहे. ते खूश दिसले. बहुतेक पोरं पाठ केलेलं बोलतात, हा बघून बोलतो आहे, असं एकमेकांना म्हणाले. मग एकाने विचारलं, "चांगली भरत आलेली जखम अशी का बिघडली असेल?"

मी म्हणालो, "क्रॉस इन्फेक्शन, सर. शेजारच्या खाटेवरून. तपासणाऱ्यांच्या हातांमधून."

हे सगळं इंग्रजीत. त्यांनी मान डोलावली. "व्हेरी गुड," म्हणाले. न्हाव्याला शब्द कळले नाहीत पण साहेबांची मान कळली. तो तापल्या तोंडाने माझ्याकडे बघून हसला. त्या उत्तरावर मला मार्क मिळाले. जे त्याच्या बायकोला मराठीत सांगायला मला तोंड नव्हतं, ते मी त्याच्याच उशाशी उभं राहून दोन अनोळखी माणसांना सांगितलं आणि त्याचं मोल वसूल केलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी त्याचा पाय गुडघ्याच्या वरून कापला. नवी इंजेक्शनं बाहेरून मागवली होती, ती आली तोवर विष रक्तात उतरायला लागलं होतं. पाय नाहीतर जीव, असं रजिस्ट्रारांनी त्याच्या बायकोला सांगितलं आणि कागदावर तिचा अंगठा घेतला. मी तिथे होतो. शाईची डबी मीच धरली होती. अंगठा उमटवल्यावर बोट कशाला पुसायचं ते तिला सुचेना, म्हणून तिने ते पदराला पुसलं.

पंधरा नंबरचा म्हातारा बरा झाला आणि चालत घरी गेला. मी पास झालो. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आमच्या वॉर्डात उलटी लागू होती. आमची गरज सरली आणि पेशंटचा पाय गेला.

इंटर्नशिपमध्ये तीन महिने खेड्यातल्या दवाखान्यात काढावे लागत. माझ्या वाट्याला कुही आलं. वर्ष होऊन गेलं होतं. पहिले दोन आठवडे मी बाजाराच्या रस्त्याला गेलोच नाही. दाढी स्वतःच करत होतो, गाल कापून घेत होतो. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातल्या शिपायाने माझं तोंड बघून सांगितलं, "साहेब, आमच्या लंगड्याकडे जा ना. हात लय साफ हाय त्याचा." गाव लहान. टाळून किती दिवस टाळणार.

दुकान दुसऱ्याचं झालं होतं. तो स्वतःच्या घराच्या ओसरीवर पाटावर बसला होता, भिंतीला कुबडी टेकलेली. गिऱ्हाईक त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसे. शेजारी तीन-चार माणसं आपल्या पाळीची वाट बघत धानाच्या गोष्टी करत होती. मला बघून त्याने अर्धवट दाढीच्या गिऱ्हाइकाला बाजूला सारलं.

"अरे बाप्पा! आमचे डॉक्टर साहेब!" तो सगळ्यांना म्हणाला. "हे माह्यावर पास झाले बरं का. माह्या पायावर." आणि मनापासून हसला.

मला समोर बसवलं. हात धुतले, वाटीतलं पाणी बदललं, वस्तरा धुतला. मग आत तोंड करून ओरडला, "अवं, पानी आन. डॉक्टर साहेब आले." आणि मला म्हणाला, "इच्या भरतानं खाल्ला माहा पाय, नाई त मी बी उभा राह्यलो असतो तुमच्यापुढे." बसलेली माणसं हसली. ती गोष्ट तिथे इतक्यांदा सांगून झाली होती की हसणंही सवयीचं होतं.

ती तांब्या घेऊन बाहेर आली. वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. तिने मला ओळखलं, पदर सावरला. मी कशी आहेस विचारलं तर म्हणाली, "बरी हाय जी." मग कुणी न विचारताच, जमिनीकडे बघत म्हणाली, "घरात वांगं येत नाई आता. सासूबाई माह्या हातचं खात नाई. म्हनते, ज्या हातानं पोराचा पाय गेला त्या हातचं नाई खात."

माझ्या एका गालावर फेस होता. मी तसाच म्हणालो, "भरताने नाही गेला पाय. वांग्याने काही होत नसतं. पाय माझ्या हाताने गेला."

मी सांगितलं. म्हाताऱ्याची काळपुळी, माझी चिकट बोटं, ते बेसिन, तो अ‍ॅप्रन, कडेवर फिरवलेली दोन बोटं. दोन चिठ्ठ्या, दोन्हींत तोच जंतू. घरी पाठवायच्या माणसाला परीक्षेसाठी थांबवून घेतलं तेही सांगितलं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. न्हाव्याने वस्तरा हवेत धरून ठेवला होता. त्याने सगळं ऐकलं आणि बायकोकडे पाहिलं.

ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. तिला राग आला नव्हता. उलट तिला माझी कीव आली असावी, असं मला वाटलं.

"काहून असं बोलता, डॉक्टर साहेब? माह्यावरचा दोष आपल्यावर घ्याले आले तुमी. लय मोठं मन हाय तुमचं. पर डॉक्टराच्या हातानं कुठं असं होत असते का?"

"झालं, बाई. खरंच झालं."

"नाई जी," ती म्हणाली. "मी इचारलं होतं ना तुमाले तवा, भरतानं झालं का म्हनून. मले आठवते. तुमीच त म्हनले होते, 'मग?'"

वरातीमागून घोडं नेऊन काय उपयोग. तिच्याकडे माझा पुरावा होता. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या एका शब्दावर तिचा जास्त विश्वास होता, कारण तेव्हा मी हातात पट्टी धरलेला डॉक्टर होतो आणि आज ओसरीवर बसलेला एक भला माणूस होतो.

"पाहा," न्हावी वाट बघणाऱ्या माणसांना म्हणाला, "अशे डॉक्टर राह्यले नाई आता." मग त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि उरलेला गाल केला, एकदाही न कापता. तुरटी फिरवली. पैसे घेतले नाहीत. मी उठलो तेव्हा पुढचं गिऱ्हाईक समोर येऊन बसलं होतं, आणि त्याने वाटी बायकोच्या हातात दिली. पाणी बदलून आण म्हणाला. ती आत गेली.